भोकाचं मडकं

मोझेस मास्तर माळावर आला तेव्हा सूर्यभान बांधाला टेकून विडी ओढत बसला होता. मास्तरच्या सायकलीच्या कॅरिअरला दोन कोरी मडकी सुतळीनं बांधलेली होती. वाटेत दगडच दगड, त्यामुळं तो सायकलीवरून उतरून एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं मडकी सांभाळत चालत येत होता. फाल्गुनातलं ऊन डोळ्यांत घुसत होतं.

"आता ह्यो कुंभार झाला का काय?" सूर्यभान म्हणाला.

थोड्या अंतरावर त्याची सून मुक्ता रोपाच्या आळ्यात घागर रिती करत होती. तिनं मान वर केली, डोईवरचा पदर सारखा केला आणि पुन्हा वाकली. पाणी आळ्यात पडलं, क्षणभर चमकलं आणि मुरमात नाहीसं झालं.

माळ आठ एकरांचा. सूर्यभानच्या लहानपणी त्याचा बाप तिथं मटकी आणि हुलगे पेरायचा, कडेनं बोरी आणि लिंब होते. मग एक लिंब सोडून सगळी झाडं जळणाला गेली आणि बाकीचं हिरवं शेरडांनी खाल्लं. पावसानं दर साली थोडीथोडी माती ओढ्यात नेऊन टाकली. आता नांगर घातला तर फाळ दगडावर खणखणायचा आणि बैल मागं वळून बघायचे.

झाडं लावा म्हणणारे सूर्यभाननं पुष्कळ पाहिले होते. एक साहेब जीपमधून आला, शाळेपुढं खड्ड्यात रोप लावलं, फोटो काढून गेला. रोप शेरडानं खाल्लं. पुढच्या साली दुसरा साहेब आला. खड्डा आयताच होता, त्यातच त्यानं रोप लावलं, तसाच फोटो काढला. तिसऱ्यानं बांधावर निलगिरी लावायला सांगितली आणि ती एका उन्हाळ्यात वाळून काटकी झाली. शिवाय गावात सगळेच म्हणत, एकदा माळावर झाडं वाढली की जमीन जंगलखात्याकडं जाते, मग सरपणाची काडी उचलायची चोरी. म्हणून गेल्या ज्येष्ठात मोझेस नगरच्या कुठल्याशा संस्थेचा कागद घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा सूर्यभाननं हात पाठीमागं बांधून घेतले होते.

"अंगठा द्यायचा न्हाई मी. सांगून ठिवतो."

"अंगठा नको, बाबा," मोझेस म्हणाला होता. "खड्डे तेवढे खांदू द्या."

आणि त्यानं खरंच स्वतः पहार घेतली होती. जीपवाल्यांपैकी कुणी पहार धरलेली सूर्यभाननं पाहिली नव्हती. उतारावर आडवे बांध घालायचे, बांधाच्या वरच्या अंगाला बोर, लिंब, हादगा लावायचा, आणि दोन बांधांच्या मधल्या पट्टीत मटकी पेरायची, असा मास्तरचा बेत होता. मुक्तानं त्याच्या बरोबरीनं साठ खड्डे खांदले. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सूर्यभान लांबून बघत राहिला. पावसाळ्यात पट्टीत दोन पायल्या मटकी झाली. पण साठातली वीस रोपं माघ लागायच्या आत गेली. आता चाळीस उरली होती आणि उन्हाळा पुढं होता.

मोझेसनं मडकी सोडून खाली ठेवली. खिशातून एक मोठा खिळा काढला. एक मडकं मांडीवर पालथं घेतलं आणि मुक्ताला सांगू लागला, "असं बघा मुक्ताबाई. बुडाला एक बारीक भोक पाडायचं. त्यात चिंधीची वात घालायची. मग मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून वर झाकण ठिवायचं. थेंब थेंब पानी मुळालाच जातंय. उन्हानं उडत न्हाई. चार-पाच दिवसांनी भरलं तरी चालतंय. अशी चाळीस मडकी..."

त्यानं खिळ्यावर मारायला दगड उचलला.

"मास्तर, दगड खाली ठिव."

सूर्यभान उठून उभा राहिला होता. विडी कुठं पडली त्याचं त्याला भान नव्हतं.

"काय झालं, बाबा?"

"खाली ठिव म्हन्तो ना! भोकाचं मडकं माझ्या रानात यायचं न्हाई. चाळीस मडकी म्हनं! एक उचललंवतं मी. ते अजून खांद्यावरनं उतरलं न्हाई माझ्या."

मोझेसनं मुक्ताकडं बघितलं. तिनं पाठ फिरवली होती आणि रिकामी घागर पोटाशी धरून ती ओढ्याकडं बघत होती.

बहात्तरच्या दुष्काळात सूर्यभानचा मुलगा भीमा विहीर खोल करायला आत उतरला आणि वरची दरड त्याच्यावर आली. पोटी मूल नव्हतं. म्हणून पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन लेकाच्या चितेभोवती बापालाच फिरावं लागलं. दर फेरीला कुणीतरी दगडानं मडक्याला भोक पाडलं. तीन फेऱ्या, तीन भोकं. सगळं पाणी सूर्यभानच्या पाठीवरून वाहिलं. मग मडकं खांद्यावरून मागं टाकलं. "मागं वळून बघू नको," कुणीतरी कानाशी म्हणालं. तो मागं न बघताच घरी आला. पण आंघोळ करताना, रानात घाम आला असताना, ते गार पाणी पुन्हा पाठीवरून खाली उतरतंय असं त्याला अजून वाटायचं.

मोझेसनं दगड खाली ठेवला. त्यानं खिळा खिशात घातला. जाताना मडकी मात्र परत नेली नाहीत. सूर्यभानच्या घरापुढं गोठ्याच्या भिंतीला पालथी टेकवून तो निघून गेला.

मुक्ता घागरीनंच पाणी घालत राहिली. ओढ्यातला झरा माळापासून चांगला अर्धा मैल. पहाटे उठून डोक्यावर घागर, काखेत कळशी, अशा ती खेपा करी. एका खेपेत तीन रोपं भिजत. ऊन वर आलं की भिजलेली आळी पांढरी पडून तडकत. तिच्या टाळूवर, चुंबळ बसते तिथले केस विरळ झाले होते. मान वळवायची झाली तर ती सगळं अंगच वळवी.

"आगं, कशापायी जीव काढतीस?" सासू बनुबाई म्हणायची. "झाडाला काय ठावं, कोन मरतंय त्याच्यापायी!"

"जगत्याली जगत्याली, आत्याबाई."

"आन् जगली तर खानार कोन त्याची बोरं? तुजा भाऊ आखितीला येतोय न्यायला."

हे बोलून बनुबाई चुलीतली राख ओढू लागली.

अक्षय्य तृतीयेला न्यायला येतो असा निरोप महिन्यापूर्वीच आला होता. मुक्ताचा भाऊ राधाकृष्ण कोपरगावकडं साखर कारखान्यावर कामाला होता. तिथंच उसाच्या वजनकाट्यावर असलेला एक माणूस होता, बायको वारलेली, शांत स्वभावाचा. त्याच्याशी मुक्ताचं लावून द्यायचं राधाकृष्णाच्या मनात होतं. बहीण अजून तिशीची नव्हती. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे सूर्यभानला कळत होतं. म्हणूनच त्याला काही बोलता येत नव्हतं. जा म्हणावं तर जीभ वळत नाही, राहा म्हणावं तर कुठल्या तोंडानं? पोरीला ह्या माळावर दगड आणि दोन म्हातारी माणसं सोडून होतं काय?

तो उजाडायच्या आत माळावर जाऊ लागला. एकेका रोपाच्या मावळतीच्या बाजूला चपटे दगड उभे करून ठेवू लागला, म्हणजे दुपारनंतर रोपावर थोडी सावली पडावी. मुक्ता पहिली खेप घेऊन यायच्या आत तो घरी परत यायचा आणि आत्ताच जाग आली असं दाखवून खाटेवर खोकत बसायचा.

आठवड्यानं मुक्ता जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मामा, माळावरची दगडं रातची चालत्यात वाटतं."

"माळच हाय. दगडाला काय कमी?"

"चालून चालून बराबर रोपाशेजारीच हुभी ऱ्हात्यात."

"भाकर वाढ," सूर्यभान म्हणाला.

बनुबाईनं तोंडाला पदर लावला.

चैत्रात मोझेस पुन्हा आला. ह्या वेळी त्याच्या कॅरिअरला काही नव्हतं. त्यानं रोपं मोजली नाहीत, नुसता बांधाबांधानं फिरला. अठ्ठावीस उरली होती. मग तो माळावरच्या एकुलत्या एक लिंबाखाली सूर्यभानपासून हातभर अंतरावर बसला आणि आपली पाण्याची बाटली शोधू लागला. गावात कुठंही गेलं तरी तो स्वतःचं पाणी बरोबर ठेवी. कारण बायका त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या, तेही दार अडवून. बनुबाईनंही तसंच ओतलं होतं.

बाटली रिकामी होती. ती उलटी करून त्यानं परत पिशवीत ठेवली.

"मला ठावं न्हवतं, बाबा," तो म्हणाला. "मडक्याचं. आमच्यात माती देत्यात. मडकं नसतंय. कुनी सांगितलं बी न्हाई."

"तू काय करनार त्याला."

"इचारायला पायजे हुतं. मी शिकवत सुटतो नुसता." मोझेसनं एक खडा उचलून दूर टाकला. "नगरला साहेब आकडा मागत्यात. किती झाडं लावली? लावली किती ते इचारत्यात, जगली किती ते कुनी इचारत न्हाई. मी सातशे लिवलीत. हितली साठ त्यातच हायेत."

सूर्यभान त्याच्याकडं बघत राहिला. झाडं लावा म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून असलं काही त्यानं ऐकलं नव्हतं.

"मग जगत्याल का न्हाई, ते सांग की खरं."

"ठावं न्हाई," मोझेस म्हणाला. "मडक्यानं जगत्याली म्हन्त्यात. मी बी कागदावरच वाचलंय. माझ्या हातानं अजून करून बघितलं न्हाई."

वारं गरम होतं आणि त्यात धुळीचा वास होता. मग सूर्यभाननं शेजारचा आपला तांब्या उचलला आणि मोझेसपुढं केला. मोझेसनं सवयीनं ओंजळ पुढं केली.

"ओंजळ काय करतोस? तोंडाला लाव. तांब्याला काय दुखत न्हाई."

मोझेसनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. पिऊन झाल्यावर तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून तसाच धरून बसला.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी मुक्ता महादेवाला जाऊन आली. ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या सासूला म्हणाली, "आत्याबाई, पिंडीवर पान्याची गळती टांगलीया. लई गार वाटतंय गाभाऱ्यात."

"चैताची टांगत्यातच."

"तिच्या बी बुडाला भोकच असतंय."

बनुबाईचा हात सुपात थांबला. "देवाचं येगळं, बाई."

"व्हय. देवाचं येगळं," मुक्ता म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

खाटेवर सूर्यभान भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो झोपलेला नव्हता.

आखिती चार दिवसांवर आली. झऱ्याचं पाणी आता वाटीनं भरावं लागे. एका दुपारी मुक्ता बांधावरच बसली, डोकं गुडघ्यात घालून. घागर कलंडून पाणी वाहून गेलं होतं. सूर्यभान लांबून पळत आला. पळताना त्याचा एक जोडा मागं राहिला.

"काय झालं, पोरी?"

"काय न्हाई, मामा. अंधारी आली जरा." तिनं सांडलेल्या पाण्याच्या ओल्या डागाकडं बघितलं. "ह्या बोरीचं पानी हुतं ते. सरकून पडलं असतं जरा, तर तिला तरी मिळालं असतं."

तो तिची घागर उचलून घराकडं निघाला. ती मागून आली. गावातल्या बायकांनी पाहिलं, सूर्यभान डोक्यावर बायकांसारखी घागर घेऊन, एका पायात जोडा आणि एक पाय अनवाणी असा चालला होता. एकजण हसली. त्यानं ते ऐकलं आणि चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता एस.टी.नं पाथर्डीला गेला. दिवेलागणीला परतला तेव्हा बनुबाईनं विचारलं, "कुठं गेल्ता? आन् अंगठ्याला निळं काय लागलंय?"

"काय न्हाई. घासलं कुठंतरी."

आखितीला सकाळीच राधाकृष्ण आला. धोतर कडक इस्त्रीचं, हातात कलिंगड आणि बहिणीला नवं लुगडं. बनुबाईनं त्याच्यापुढं गुळाचा चहा ठेवला. घरात पितरांचं चाललं होतं. कुंभाराकडून आणलेली कोरी मडकी पाण्यानं भरून गव्हाच्या राशीवर मांडली होती. एक सूर्यभानच्या बापाच्या नावानं, एक आईच्या आणि तिसरं, जरा लहान, भीमाच्या. प्रत्येकावर एक एक आंबा ठेवला होता. नैवेद्य दाखवून झाला. घास कावळ्यानं लगेच उचलला.

जेवणं झाली. राधाकृष्णानं हात पुसले, घसा साफ केला.

"पाव्हनं, वाईट वाटून घिऊ नका. तुमी तिला लेकीसारखं ठिवलंय, ते आमाला दिसतंय. पन दुपारच्या गाडीनं तिला नेतो म्हन्तो."

"न्यायचंच हाय," सूर्यभान म्हणाला. "गाडीला येळ हाय. तवर माळावर या."

आणि तो उठला. भीमाच्या नावाच्या मडक्यावरचा आंबा त्यानं काढून बनुबाईच्या हातात दिला. पाण्यानं भरलेलं मडकं उचलून खांद्यावर घेतलं. तो उंबरा ओलांडून चालू लागला. मागून मुक्ता, तिच्यामागं राधाकृष्ण. बनुबाई घरातच राहिली असं त्यांना वाटलं. पण ती ट्रंकेशी वाकली होती.

माळावर बोरीचं जे रोप त्या दिवशी तहानलं राहिलं होतं, त्याच्याशेजारी सूर्यभाननं मडकं उतरवलं. त्यातलं पाणी मुक्ताच्या घागरीत ओतलं. कमरेला खोचलेला खिळा काढला, जमिनीवरून एक दगड घेतला. मडकं पालथं केलं. खिळा बुडावर टेकवला, तो दोनदा घसरला.

मुक्ता खाली बसली आणि तिनं मडकं मांडीवर धरलं.

"मारा, मामा. मी धरलंय."

त्यानं हळू मारलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या ठोक्याला मडक्याच्या बुडाला वाटाण्याएवढं भोक पडलं. मडकं फुटलं नाही. भोकातून उन्हाची एक तिरीप मुक्ताच्या तळहातावर पडली.

"वात पायजे," ती म्हणाली.

"ही घ्या."

बनुबाई धापा टाकत उभी होती. तिच्या हातात तांबड्या पागोट्याचा तुकडा होता. भीमाचे सगळे कपडे तेराव्याला देऊन टाकले होते असं सूर्यभान समजत होता. त्यानं बायकोकडं बघितलं.

"एक ठिवलंवतं," बनुबाई म्हणाली. "बगता काय? चिंधी लागती म्हनं ना मास्तराला?"

तिनंच दातानं धरून पट्टी फाडली. मुक्तानं ती पिळून वात केली आणि भोकात घातली. सूर्यभाननं बोरीशेजारी खड्डा घेतला, मडकं गळ्यापर्यंत पुरलं, भोवती माती दाबली. घागरीतलं पाणी आत ओतलं आणि वर चपटा दगड ठेवला. मग तो तसाच गुडघ्यावर बसून, कुणाच्याही तोंडाकडं न बघता बोलला.

"मुक्ते, हे मी कशापायी केलं ते ऐक. तू गेलीस की घागरी व्हायला माझी मान न्हाई. मडकी पुरली तर चार-पाच दिवसांनी भरली तरी चालत्याली. तेवढं मी करीन. तवा झाडापायी अडकू नको तू. आमच्यापायी बी न्हाई. आन् पाथर्डीला कचेरीत जाऊन आलोय. माळ तुज्या नावावर लावायचा कागद दिलाय. तू कोपरगावाला ऱ्हायलीस तरी माळ तुजा. भाऊबंद न्हाई शिरनार त्यात. बोरं आली की खायला ये."

एवढं तो गेल्या दोन वर्षांत एकदम बोलला नव्हता. बनुबाईनं त्याच्या निळ्या अंगठ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

राधाकृष्ण पायानं खडे सरकवत उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "मुक्ता, गाडी..."

मुक्ता अजून मडक्याशेजारी बसलेली होती. तिनं हात मातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग मान वर न करता, ओठ हलवत उतारावर एकेक रोप मोजत गेली.

"तेवीस हायेत," ती म्हणाली. "हे एक झालं. मास्तरांची दोन गोठ्याशी पडल्यात. वीस आनावी लागत्याल. दादा, उद्या तिसगावचा बाजार हाय. तू आलाच हायेस तर उद्या बैलगाडी जुंपून जाऊ दोघं. भाताचं तूस घालून आनू, म्हंजी फुटायची न्हाईत. तुज्यावानी हिशेबी माणूस बरोबर असला की कुंभार फसवत न्हाई."

"आन् कोपरगाव?"

"पुढच्या आखितीला ये. तवा इचार. आज न्हाई मी सांगत."

राधाकृष्णानं सूर्यभानकडं बघितलं. मग आपल्या कडक इस्त्रीच्या धोतराकडं. "उद्या म्हंजी मुक्कामच करावा लागंल की," तो कुरकुरला, पण खाली बसला आणि बोरीच्या पानावरची धूळ बोटानं पुसू लागला.

ऊन कलल्यावर सगळे घराकडं निघाले. बनुबाई आणि राधाकृष्ण पुढं, मुक्ता रिकामी घागर काखेत घेऊन त्यांच्यामागं. सूर्यभान सगळ्यांच्या शेवटी होता. बांध ओलांडताना त्याची पावलं थांबली. मागं बघायचं नसतं, हे त्याच्या मानेला अजून आठवत होतं.

मग तो वळला आणि त्यानं बघितलं.

बोरीच्या बुडाशी चपट्या दगडाभोवती, तव्याएवढी जमीन ओली झाली होती.